प्रार्थना करून सांगतो

आमच्या चर्चच्या मंडळीत नकार देण्याची एक सोज्वळ पद्धत आहे. कुणी एखादं काम गळ्यात घालायला आलं की डोळे किंचित मिटायचे, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "प्रार्थना करून सांगतो." विषय संपला. विचारणाराही काय ते समजतो, कारण परवाच त्यानेही कुणाला तरी हेच सांगितलेलं असतं.

मला हे कधी साधलं नाही. पाळकसाहेब "एक छोटंसं काम होतं" म्हणू लागतात आणि 'काम' हा शब्द पुरा व्हायच्या आत मी "हो" म्हणून मोकळा झालेला असतो. अशाने मी संडे स्कूलचा शिक्षक झालो, गायनमंडळात टेनर झालो, मंडळीचा खजिनदार झालो, बुधवारच्या प्रार्थनासभेत खुर्च्या मांडणारा झालो. नाताळच्या नाटकात तर गेली तीन वर्षं बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा हेरोद मीच. तालमीला वेळ नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो त्रासिक भाव आपोआप येतो म्हणे.

बायकोने एकदा डायरी मागून घेतली आणि मंगळवारी संध्याकाळी सातच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. कंसात 'पत्नी', ओळख पटावी म्हणून. त्या मंगळवारी सात वाजता मी इमारत समितीच्या बैठकीत होतो. त्या समितीचा मी सभासदही नाही. दारावरून जात होतो, ते म्हणाले, "आलाच आहात तर बसा." बसलो.

कडेलोट झाला तो गायनमंडळाच्या सरावात. हिशेबतपासणी उरकून धावतपळत पोचलो, वही उघडली आणि गायला लागलो. गीत पाठच होतं, त्यामुळे अडलं काही नाही. गायनमास्तर सूचना देत होते त्या पेन्सिलीने लिहूनही घेत होतो. तिसऱ्या कडव्याला शेजारच्याने माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि त्याचा सूरच गेला. विजेचं बिल आणि खुर्च्यांची दुरुस्ती यांच्यावर नजर लावून मी मोठ्या भक्तिभावाने गात होतो.

त्या रात्री बायबल उघडलं. आध्यात्मिक तळमळीने नव्हे, संडे स्कूलचा धडा तयार करायचा होता म्हणून. धडा होता निर्गम या पुस्तकाचा अध्याय 18. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक भोवती ताटकळत उभे आहेत. भेटीला आलेले सासरे इथ्रो हे बघतात आणि सांगतात, तू करतोस ते काही ठीक नाही. तूही झिजशील आणि हे लोकही. हे "लोकही" मी इतक्यांदा वाचूनही वाचलं नव्हतं. मी दमतो म्हणजे मंडळीचं भलं होतं, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात मी उशिरा वर्गावर पोचतो तोवर मुलांनी बाकांची, बायबलमधल्या यरीहो शहरासारखी, तटबंदी रचून पाडलेलीही असते. इथ्रोंनी तोडही सांगितली: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम आणि कामं वाटून दे. मोशेने ती मानली. मोशेसमोर तांबडा समुद्र दुभंगला हा चमत्कार मोठाच. पण जावयाने सासऱ्याचा सल्ला पहिल्या झटक्यात ऐकला, हाही काही लहान नव्हे.

बायबलमधल्याच मार्कच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मात्र मी पुरता अडकलो. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलेलं. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो आणि सांगतो, सगळे आपल्याला शोधताहेत. माझ्या बाबतीत हे घडतं तर मी एकाच पायात चप्पल घालून धावलो असतो. येशू म्हणतो, आपण आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचाय, त्यासाठीच मी आलोय. म्हणजे त्याने अक्षरशः प्रार्थना करून सांगितलं! त्याच्या नाहीमागे एक ठरलेला हो होता. माझ्या डझनभर होकारांमागे काय होतं? "सगळे तुम्हाला शोधताहेत" हे वाक्य ऐकायची हौस. लिहिताना कान तापतात, पण आहे ते आहे.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब आलेच. "एक छोटंसं काम होतं. 'विसावा' या विषयावर एक दिवसाचं शिबिर घेतोय. संयोजक म्हणून तुमचं नाव..."

मी डोळे किंचित मिटले, आवाज खाली आणला. "प्रार्थना करून सांगतो."

"वा! मग आत्ताच करू या," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या प्रार्थनेत मला सामर्थ्य मिळालेलं होतं, शिबिराची तारीख ठरलेली होती, नोंदणीही जोरात चालू होती. मग आमेन म्हणायची पाळी आली. आमेन म्हणजे 'तसे होवो', हे मीच पोरांना शिकवतो. मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.

"नाही जमणार, पाळकसाहेब. आणि खजिनदारपदही सोडतोय."

मला वाटलं, आता छत कोसळणार. ते नुसतं "बरं" म्हणाले. आठ दिवसांत नवा खजिनदार नेमलासुद्धा. माझ्यावाचून मंडळीचं अडेल ही माझी कित्येक वर्षांची श्रद्धा एका आठवड्यात बुडाली. थोडं लागलं मनाला. थोडं कसलं, चांगलंच लागलं.

मंगळवारी सात वाजता घरी होतो. बायको समोर बसलेली. काय बोलावं दोघांनाही सुचेना, सवयच मोडलेली. तेवढ्यात फोन वाजला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फक्त ऐकतो, कशालाही हो म्हणत नाही."

नवे खजिनदार होते. म्हणाले, "वही बघतोय. हिशेब जुळतोय सगळा. फक्त पान 42 वर, विजेच्या बिलापुढे, तुम्ही पेन्सिलीने 'इथे श्वास घ्या' असं लिहिलंय. ते कुठल्या खात्यात धरू?"