आश्व्याच्या किनाऱ्यावरचा तुमचा रविवार: एका ताऱ्याला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू आला त्याच रात्री वाचला. लगेच लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून तीन दिवस जाऊ दिले.

तुमचं म्हणणं असं: पुण्याहून रात्रभर गाडी हाकून गोव्यात आश्व्याला आलात, सकाळी सातचा सर्फिंगचा क्लास साडेअकराला मिळाला, नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही पाण्यात उतरूच दिलं नाही, तुम्ही दोघं तासभर नुसते फेसात गडगडलात, आजींना भर उन्हात वाळूतून चालावं लागलं, आणि वर आमच्याकडे कामाला असलेला पोरगा बिअर उघडू देईना. ‘बालीत पहिल्याच दिवशी उभा राहिलो होतो, इथे नुसती लूट.’

आजींचं आधी. ती चूक पूर्ण आमची. मॅपवर आमची जागा खाडीच्या पलीकडे, शेजारच्या मांद्रे गावाच्या अंगाला दिसत होती. काल दुपारी मी स्वतः त्या पिनपासून चालत आलो. बांबूचा साकव, पुढे मऊ वाळू, चप्पल घातली तर रुतते आणि काढली तर पाय भाजतात. मला सतरा मिनिटं लागली, मी तर इथलाच. पिन आता आश्व्याच्या रस्त्यावर आणलं आहे, गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत माडाखाली. आणि त्या माडाखालची एकुलती एक खुर्ची! तिच्यावर ओले रॅश गार्ड, म्हणजे सर्फिंगचे अंगाला घट्ट बसणारे शर्ट, वाळत घातले होते. ते आजींनी स्वतः उचलून दोरीवर टाकले आणि मग बसल्या. मी बोर्ड पुसत होतो, समोर पाहत होतो, उठलो नाही. त्याची लाज वाटते.

आता सातच्या क्लासचं. आंबोलीत धुकं होतं, सावंतवाडीत नाश्ता झाला, पोचायला अकरा वाजले, समजू शकतो. पण सात ही वेळ आम्ही आमच्या सोयीने ठेवलेली नाही. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेले आठवत असतील. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेला समोरून थोपवून धरतो, त्यामुळे लाट गुळगुळीत राहते आणि सावकाश फुटते. जमीन तापली की वारा उलटतो. अकरानंतर खारे वारे सुटले की त्याच पाण्याची खिचडी होते.

त्यात तो दिवस पौर्णिमेचा. कोकणात भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही कपडे बदलत होतात तेव्हा उधाणाची भरती पुरी भरली होती. ओहोटीला किंवा अर्ध्या भरतीला लाट लांब फुटते आणि फेस सपाट वाळूवरून कंबरभर पाण्यात तुमच्याकडे येतो. शिकणाऱ्याला तोच फेस हवा असतो. पुऱ्या भरतीला किनाऱ्याचा उतार पाण्याखाली जातो आणि लाट थेट काठावर आपटते.

म्हणून तुमच्या मुलाला नाही म्हटलं, आणि उद्या आलात तरी अशा पाण्यात नाहीच म्हणेन. शिकाऊ बोर्ड फोमचं असलं तरी आठ फुटी असतं आणि लीशने, म्हणजे दोरीने, पायाला बांधलेलं असतं. काठावरच्या लाटेने ते उलटं फेकलं की ते आणि मूल एकाच जागी येऊन पडतात. तो रडला, मला कळत होतं. घरात माझाही तेवढाच आहे.

खरी चूक वेगळी आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. तुम्हा दोघांनाही मी त्या वेळी पाण्यात उतरवायला नको होतं. दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला ‘आज नाही, उद्या सकाळी या’ म्हणायला जीभ रेटली नाही. शिवाय रविवारचं बुकिंग होतं, तेही मनात होतंच, खोटं कशाला बोलू. त्यामुळे क्लासच्या नावाखाली तुम्हाला तासभर वाळू खायला मिळाली. तुम्हा तिघांचेही पैसे परत पाठवले आहेत.

बालीचं मात्र पटलं नाही. कुटाच्या किनाऱ्यावर दक्षिण हिंदी महासागरातून लांबून आलेल्या लाटा पोचतात, एकीपासून दुसरी चांगली सुटी असते, बोर्डावर उठायला वेळ मिळतो. आपल्या अरबी समुद्रात मोठ्या लाटा पावसाळ्यात, तेव्हा पाण्यात उतरणंच धोक्याचं. बाकीच्या दिवसांत लहान, भराभर येणाऱ्या लाटा. त्यावर पहिल्या दिवशी गुडघ्यावर आलात तरी मी टाळ्या वाजवतो.

बिअरचं एवढंच सांगतो: गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला बंदी आहे, दंड होतो. आणि फुटलेल्या बाटलीवर अनवाणी पाय आमच्याच विद्यार्थ्यांचा पडतो. ‘संध्याकाळी म्युझिक नाही, स्मशानशांतता’ असंही लिहिलं आहे. शेजारी मोरजीला आणि मांद्र्याला कासवं अंडी घालतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. त्यांच्यासाठी रात्री दिवे आणि गोंगाट नकोच. ती शांतता आम्हाला तरी बरी वाटते.

पुन्हा यायचं मनात आलं तर शनिवारी दुपारीच पेडणे तालुक्यात पोचा आणि रात्री इथेच कुठेतरी झोपा. यायची तारीख अष्टमीच्या आसपास बघा, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही. सहाला चहा, सातला पाण्यात, साडेआठला बाहेर. नंतर दिवसभर तुम्ही मोकळे. आजींसाठी खुर्ची सावलीत असेल, आणि तिच्यावर काही वाळत नसेल. धाकट्याचा पहिला क्लास माझ्याकडून, मी स्वतः घेईन. यायच्या आदल्या रात्री फोन करा, सकाळचं पाणी कसं असेल ते सांगतो. नको असेल तर नको म्हणेन, या वेळी तुम्हालाही.