लॉक स्क्रीनवर ओटीपी कशाला दाखवता?

विरार लोकलमध्ये फोन हातात धरला की आजूबाजूच्या चौघांना स्क्रीन दिसतेच. अशात बँकेचा ओटीपी फोन अनलॉक न करताच अख्खा वाचता येतो, ही कसली सोय? अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे लॉक स्क्रीनसाठीचं ‘सेन्सिटिव्ह नोटिफिकेशन्स’ बंद करायचं. कंपनी बदलली की नाव आणि जागाही बदलते, शोधत बसा!

बरं, हे फक्त लॉक असलेल्या फोनपुरतं. दुकानात यूपीआयचा क्यूआर स्कॅन करताना मेसेजची पट्टी मजकुरासकट वरून टपकतेच. ती थांबवायला व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशन्समध्ये ‘हाय प्रायॉरिटी’ बंद करा, मेसेजेससाठी वेगळं, ग्रुप्ससाठी परत वेगळं. ॲपला फिंगरप्रिंट लॉक लावलात आणि त्याखालचं ‘शो कंटेंट इन नोटिफिकेशन्स’ चालू राहिलं, तर लॉक असूनही मजकूर बाहेरच.

फेस आयडीच्या आयफोनवर मजकूर मुळातच झाकलेला येतो, मालकाचा चेहरा दिसला की उघडतो. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? ज्याला उघडा हवा, तो करेल की चालू!