‘दुसऱ्याच्या घरचं भांडण’: सहा मुद्द्यांच्या एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पंधरा दिवसांत तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो टाकला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. सुदानच्या बातम्यांवरून कुणीतरी लिहिलेला दिसतो. म्हणणं असं की, जगात कुठेही कत्तल चालू असो, बाहेरच्या देशांनी मध्ये पडणं चूकच. त्याला सहा मुद्दे जोडलेत. काका माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, त्यांच्याशी लिफ्टमध्ये वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

मेसेजमागची चीड मला समजते. इराक आणि लिबियाचं जे झालं ते पाहून कुणाही शहाण्या माणसाला ती येईल. माझी तक्रार ‘कधीच’ आणि ‘एकही’ या दोन शब्दांबद्दल आहे.

पहिला मुद्दा: ‘प्रत्येक देश हे एक घर आहे. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात शहाण्याने पडू नये.’

घराचाच दाखला दिलाय तर घरातूनच सांगतो. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ पगाराच्या रात्री पिऊन येत आणि बायकोवर हात उचलत. आवाज सुरू झाला की गॅलरीतली पुरुषमंडळी आपापल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करत. ‘त्यांच्या घरचं आहे’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. शेजारच्या माई मात्र रिकामी वाटी घेऊन त्यांचं दार वाजवत आणि उघडेपर्यंत वाजवत राहत. ‘अगं, साखर आहे का वाटीभर?’ माईंच्या फडताळात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असे, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. पण दार उघडावं लागे, आणि तेवढ्यापुरता तरी तो हात खाली येई.

पुढे कायद्यानेच माईंची बाजू घेतली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर १३ सप्टेंबर २००५ ला राष्ट्रपतींची सही झाली. मार खाणाऱ्या बाईनेच कळवायला हवं अशी अट त्यात नाही, शेजाऱ्यानेही कळवलेलं चालतं. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १६ सप्टेंबरला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेत जगभरच्या सरकारांनी एक गोष्ट लिहून मान्य केली: आपल्या माणसांना वंशसंहारापासून वाचवण्याची जबाबदारी आधी त्या त्या देशाची, पण तो ती उघडउघड पार पाडत नसेल तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पुढे व्हायचं. युद्धगुन्हे, वांशिक सफाई आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांनाही तेच लागू. ठराव एकमताने झाला, म्हणजे भारतही त्यात आला.

आणि ज्याला आपण ‘त्यांचं घर’ म्हणतो ते बंद असतं कुठे? सुदानमधल्या दारफुरला शस्त्रं पुरवण्यावर सुरक्षा परिषदेची बंदी २००४ पासून आहे. तरी शस्त्रं पोचतातच. नवऱ्याच्या हातातली काठी बाहेरून आलेली असेल, तर बाहेरचे आधीच आत आहेत.

दुसरा मुद्दा: ‘इतिहासात एकाही परकीय फौजेने कुणालाही वाचवलेलं नाही.’

इथे ‘एकाही’ला अडखळायला होतं. कंबोडियात एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज हे कट्टर कम्युनिस्ट सत्तेवर आले. शहरं रिकामी केली, पैसा बंद केला, शाळा बंद केल्या. पावणेचार वर्षांत पंधरा लाखांहून जास्त माणसं भूक, रोग, वेठ आणि मारेकऱ्यांच्या हाती गेली. हे थांबलं ७ जानेवारी १९७९ ला, व्हिएतनामी फौज नॉम पेन्हमध्ये शिरली तेव्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टांझानियाच्या फौजेने कंपाला घेतलं आणि युगांडातून तिथला हुकूमशहा इदी अमीन पळाला. हा तोच अमीन, ज्याने १९७२ मध्ये तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघून जायला सांगितलं. त्यातली काही कुटुंबं मोंबासाहून बोटीने आपल्याच मुंबईच्या धक्क्यावर उतरली.

व्हिएतनाम काही धर्मादाय करायला गेलं नव्हतं. ख्मेर रूज सरहद्द ओलांडून त्यांची गावं कापत होते, आणि व्हिएतनामी फौज पुढे दहा वर्षं तिथून हलली नाही. हे सगळं खरं. पण जानेवारी १९७९ मध्ये जिवंत उरलेल्या माणसाला विचारा, वाचवलं की नाही.

आता उलटी बाजू. रवांडा, एप्रिल १९९४. राजधानी किगालीत एका तांत्रिक शाळेत संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्यांतले सुमारे नव्वद बेल्जियन सैनिक होते. त्यांच्या भरवशावर दोन हजारांच्या आसपास माणसं आवारात येऊन राहिली, बहुतेक तुत्सी, म्हणजे ज्या अल्पसंख्य जमातीची तेव्हा कत्तल चालू होती. फाटकाबाहेर कोयते घेतलेली टोळकी बिअर पीत बसलेली. त्यांना आत यायची हिंमत होत नव्हती, कारण फाटकावर बंदुका होत्या. ११ एप्रिलला सैनिकांना निघायचा हुकूम आला. माणसं गाड्यांपुढे आडवी पडली. ‘जाणारच असाल तर आम्हाला तुम्हीच गोळ्या घाला,’ अशी विनवणी काहींनी केली. गाड्या गेल्या. त्या माणसांना त्याच दिवशी हाकत नेऊन बहुतेकांना मारलं.

दहा दिवसांनी, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तिथली फौज वाढवायच्या ऐवजी २७० वर आणायचा ठराव केला. तिथला सेनापती, कॅनडाचा रोमिओ दालेर, पाच हजार सैनिक मागत होता. शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं गेली. कत्तल शेवटी थांबवली ती तुत्सी बंडखोरांच्या सैन्याने, जगाने नव्हे. त्या फाटकावरून गाड्या काढून घेणं हे ‘मध्ये न पडणं’ होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिसरा मुद्दा: ‘जे जातात ते तेलासाठी आणि स्वार्थासाठीच.’

अर्धा मान्य. इराकच्या सद्दामने १६ मार्च १९८८ ला हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला, पाचएक हजार माणसं मेली, तेव्हा कुणी बोट हलवलं नाही. २००३ मध्ये अमेरिका गेली ती महासंहारक शस्त्रं शोधायला. ती सापडली नाहीत, मग इराकींच्या मानवी हक्कांचा पुळका आला. लिबियातही तसंच. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेने नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायला परवानगी दिली. मत न देणाऱ्या पाच देशांत आपण होतो, आणि माझ्या मते आपलं बरोबर होतं. रक्षणाची मोहीम बघता बघता राजवट उलथवण्याची झाली, ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला, आणि नंतर देश टोळ्यांच्या हाती सोडून सगळे घरी.

पण स्वार्थ फक्त जाणाऱ्यालाच असतो आणि गप्प बसणारा संत असतो, हे कुणी सांगितलं? १९७१ मध्ये ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी वॉशिंग्टनला तारांवर तारा पाठवत होते की, इथे कत्तल चालू आहे, आपलं सरकार गप्प का? अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना चीनशी गुपचूप बोलणी करायची होती, आणि मध्यस्थ होते पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान. म्हणून गप्प. ब्लड यांची मात्र बदली झाली.

चौथा मुद्दा: ‘भारताने कधीही दुसऱ्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप केलेला नाही, हीच आपली परंपरा.’

काका, हे तुम्ही पाठवावं? तुम्हीच मला गणपतीत सांगितलं होतं की, डिसेंबर १९७१ मध्ये कॉलेजात असताना दादरच्या घराच्या काचांना खळ लावून काळे कागद तुम्ही चिकटवले होते. आमच्या चाळीतही तेच. भोंगा झाला की जिन्यातला दिवा विझायचा, आणि कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला तर खालून हाक यायची, ‘ए, लाइट!’

माझे वडील पोस्टात काउंटरवर होते. त्या नोव्हेंबरपासून पत्राला नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागे. सुरुवातीला नवीन छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्याच लाल तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारून ते विकायचे. एक माझ्याकडे अजून आहे. लोक कुरकुरायचे, वडील ते जीभेला लावून स्वतःच चिकटवून द्यायचे. पाच पैसे कशासाठी, तर पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं हद्द ओलांडून आली होती. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाका विद्यापीठात घुसलं तिथून हे सुरू झालं. आपल्या छावण्यांत कॉलरा होता. आधी मुक्तिवाहिनीला मदत, मग ३ डिसेंबरपासून उघड युद्ध, १६ ला ढाक्यात शरणागती.

आपला स्वार्थ नव्हता? होता की. निर्वासितांचा बोजा होता, पाकिस्तानचे दोन तुकडे होणार होते. आणि जग आपल्या बाजूने होतं असंही नाही. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी करून फौजा मागे घ्या, या ठरावाला १०४ मतं पडली, विरोधात अवघी ११. आज ज्याला आपण अभिमानाने विजय दिवस म्हणतो, तो त्या दिवशी जगाच्या बहुमताने ‘दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं’ होता. मला त्या मोहिमेतली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती नंतरची: १२ मार्च १९७२ ला ढाक्यात निरोपाचं संचलन झालं आणि आपली फौज परतली. तीन महिने. व्हिएतनामला दहा वर्षं लागली, अमेरिकेला अफगाणिस्तानात वीस.

आणि हेही लपवायला नको: १९८७ मध्ये आपण श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, रीतसर करार करून, बोलावल्यावर. ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याशीच लढावं लागलं. बाराशेच्या आसपास जवान गमावून १९९० मध्ये परत आलो. हा दाखला मेसेजवाल्याच्या कामाचा होता. पण ‘कधीही केलं नाही’ म्हटल्यावर तो वापरायचा कसा?

परंपराच शोधायची तर १९४६ मध्ये शोधा. स्वातंत्र्य अजून मिळायचं होतं, तेव्हा भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. दक्षिण आफ्रिकेचं उत्तर होतं, ही आमची अंतर्गत बाब. आपण ते मानलं नाही. व्यापारही तोडला.

पाचवा मुद्दा: ‘राघोबादादाने इंग्रजांना मदतीला बोलावलं आणि राज्य गेलं, हे मराठी माणसाने विसरू नये.’

सहांतला हा सगळ्यांत चांगला मुद्दा. मुलुंडमध्ये बसून तर तो जास्तच लागतो, कारण मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबाने मुंबईकर इंग्रजांना जी साष्टी देऊ केली, त्या साष्टीतच आपली सोसायटी उभी आहे. ती त्यांनी पुन्हा कधी सोडली नाही. पुढे १८५६ मध्ये ‘कुशासन’ म्हणत अवधही गिळलं. प्रजेच्या कळवळ्याचं सोंग आपण जवळून पाहिलंय, म्हणून आपल्या लोकांना परक्या फौजेचा संशय येतो. तो यायलाच हवा.

पण राघोबाने इंग्रजांना कशासाठी बोलावलं होतं? गादीसाठी. त्याआधी दीड वर्ष शनिवारवाड्यात ‘काका, मला वाचवा’ म्हणत जो पोर धावला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याला वाचवायला कुणीच आलं नाही. तेही घरचंच भांडण होतं. रामशास्त्र्यांनी ज्याला दोषी ठरवलं, तोच नंतर सुरतेला जाऊन मदत मागत होता. तेव्हा बाहेरून कुणाला बोलावणं आलं की आधी बघायचं, बोलावतंय कोण: गादी हवी असलेला, की मान कोयत्याखाली असलेला. किगालीच्या त्या शाळेत गाड्यांपुढे आडवे पडलेल्यांपैकी कुणालाही गादी नको होती.

सहावा मुद्दा: ‘आपल्या जवानांचं रक्त परक्यांसाठी का सांडायचं?’

ज्याच्या घरचं कुणी फौजेत आहे त्याने हा प्रश्न विचारला तर मी मान खाली घालीन. बाकीच्यांना एवढंच सांगतो की, ते आधीच सांडत आलंय. कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते १९६१ मध्ये काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत.

शिवाय दरवेळी बंदूकच लागते असं कुठे आहे? २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. दोन वर्षांनी म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं ते गांबियाने. पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला देश, ना म्यानमारशी सरहद्द, ना तेलाचा संबंध. त्यांचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तंबाडू पूर्वी रवांडाच्या खटल्यांत सरकारी वकील होते. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावणीत जाऊन त्यांनी माणसांचं ऐकलं आणि तिथे त्यांना रवांडा ओळखू आलं. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश दिले. छावण्या त्याने रिकाम्या झाल्या नाहीत. माईंच्या वाटीनेही मारहाण कायमची थांबली नव्हती, पण त्या दार वाजवायच्या राहिल्या नाहीत.

तर काका, मेसेज पुढे पाठवायला माझी हरकत नाही, थोडी दुरुस्ती करा. दुसऱ्या मुद्द्यातला ‘एकाही’ काढा. चौथा पूर्ण काढा, त्या जागी श्रीलंका घाला. राघोबा राहू द्या. आणि रविवारी सवड असेल तर वर या, ते लाल तिकीट दाखवतो.