मोजणी नव्हे, कुत्र्याचं कुंपण

कोकणात परड्यात पांढरी निशाणं रोवू नयेत. रोवायचीच असतील तर आधी भावकीला चहाला बोलवावं. कुत्र्यासाठी जमिनीतून तारेचं कुंपण घातलं की शिकवणीपुरती दर दोन-तीन मीटरवर अशी निशाणं लावावी लागतात. पहिलंच रोवलं की गडग्यापलीकडून येतं, "मोजणी कोणी आणल्यान?" सातबाऱ्यावर सतरा नावं असलेल्या जागेत "कुत्र्यासाठी" हे उत्तर कोणाला पटावं? इतक्यांदा देऊन आता मलाही ते खोटं वाटतं.

वस्तू साधी आहे. घरातल्या ट्रान्समीटरमधून निघालेली तार परड्याला वळसा घालून परत त्याच ट्रान्समीटरला येते. पट्ट्यातला रिसीव्हर तारेजवळ गेला की आधी पीप वाजतो. कुत्रा तरी पुढे सरकला तर विजेचा चिमटा.

२० बाय ५० मीटरच्या जागेचा वळसा १४० मीटर. घर कडेपासून १५ मीटर आत असेल तर जाऊन-येऊन आणखी ३०, वर पिळात जाईल ती तार वेगळी. म्हणून २०० मीटरचं बंडल घ्यावं. घर ते हद्द ही जोडतार पिळायलाच हवी, फुटाला १०-१२ पिळे. दोन तारांतला प्रवाह एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे पिळल्यावर सिग्नल मरतो. न पिळता टाकली तर तीही हद्दच ठरते आणि कुत्रा घरापुढच्या खळ्यातच अडकून पडतो. हे काम सुंभ वळल्यासारखं हाताने करू नये, संध्याकाळपर्यंत मनगटं जातात. दोन टोकं खांबाला बांधावीत, दोन ड्रिलमध्ये धरावीत आणि ड्रिल सावकाश फिरवावं.

खोली दोन-तीन इंच पुरे. वाचायला सोपं, जांभ्यात दोन इंच म्हणजे पहार, घाम आणि शिव्या. कातळ लागला तर मुकाट्याने गडग्याच्या पायथ्याने तार न्यावी. तार न पुरता वरच ठेवली तरी सिग्नल देतेच, पुरायची ती कोयती-फावड्यापासून वाचावी म्हणून. माडाच्या आळ्यापासून लांब ठेवा, आळं खणणारा गडी खाली बघत नाही. कोपरे गोल घ्या. पंपाच्या वायरीला समांतर जाऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात.

जोडावर नुसती चिकटपट्टी लावलीत तर पावसाळ्यात तांबं हिरवं पडणार. आधी तारांची गाठ मारावी, म्हणजे ताण जोडावर येत नाही. मग जेल भरलेला कनेक्टर. तार तुटली की ट्रान्समीटर कोकलतो, पण कुठे तुटली ते सांगत नाही. ते शोधणं तुमचं, तेही भर आषाढात. विजा चमकू लागल्या की प्लग आणि तारेची दोन्ही टोकं काढून ठेवावीत. लाईट गेली की कुंपणही गेलं, म्हणून इन्व्हर्टरवर घ्या.

पट्टा एक बोट जाईल इतकाच सैल, रिसीव्हरची धातूची टोकं कातडीला टेकलेली. रात्री काढावा, नाहीतर मानेला जखम होते आणि दमट हवेत चिघळते. दोन आठवडे रोज दोन-तीनदा दोरी धरून फिरवा: पीप वाजला की आत ओढा, शाबासकी द्या. मग निशाणं एकाआड एक काढत जा. कुत्रा पंधरवड्यात हद्द मान्य करतो, अपिलात जात नाही. शेजारच्या कोंबड्या, मुंगूस आणि बिबट्या यांच्या गळ्यात पट्टा नसल्याने ते पूर्वीसारखेच ये-जा करतात.

शेवटचं निशाण उपटताना गडग्यावर पुन्हा डोकं दिसतं.

"मग? आमची किती निघाली?"