पोटभर अंघोळ

लातूरच्या माणसाला कुठं फिरायला जायचंय असं विचारलं, तर तो काश्मीर, केरळ, काशी असं काहीबाही सांगेल. पण त्याच्या मनात ठिकाण एकच असतं. जिथं नळ सोडला की पाणी येतं, आणि सोडलेला नळ बंद करा म्हणून कुणी ओरडत नाही. माझी इच्छा याहून थोडी मोठी होती. मला एकदा टबात बसून अंघोळ करायची होती. गळ्यापर्यंत पाणी. ते गार झालं की सोडून द्यायचं आणि पुन्हा भरायचं. हे दुसऱ्यांदा भरणं महत्त्वाचं.

ही इच्छा मी नोकरीभर कुणाला बोललो नाही. शाळेत विज्ञान शिकवायचो. आर्किमिडीज टबातून उठून ओरडत पळाला, ही गोष्ट दरवर्षी पोरांना रंगवून सांगायचो आणि दरवर्षी मनात यायचं, भरलेला टब सोडून हा पळालाच कसा?

घरी बायकोचं राज्य. तिचा हिशेब तांब्यांत चालतो. अंघोळीला सात तांबे, डोक्यावरून असेल तर नऊ, सणाला अकरा. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, त्यामुळे तिच्या हिशेबाला आव्हान देण्याची कुणाची टाप नव्हती. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ तारखेला पहिली फेरी आली, तेव्हा अर्धं गाव वाघिणी बघायला गेलं होतं. दहा वाघिणी, ५ लाख लिटर. मी तिथंच उभ्या उभ्या भागाकार केला. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, म्हणजे माणशी सव्वा लिटर. घरी येऊन आकडा सांगितला, तर बायको म्हणाली, "मग तुमच्या वाट्याचं आलं समजा. आज दाढी राहू द्या."

तर अशा घरातला मी निवृत्त झालो आणि पुण्याच्या पोरानं गोव्यात समुद्राकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात तीन रात्रींचं बुकिंग करून दिलं. "बाबा, पावसाळ्यात दर उतरतात, जुलैत जा." मी फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "टब आहे का रे?" तो म्हणाला, "अहो, फाइव्ह स्टार आहे, टब असणारच." फोटोतही होता. पांढराशुभ्र, ऐसपैस, काठावर गुलाबाच्या पाकळ्या.

लातूरहून मिरज आणि मिरजेहून गोव्याची गाडी. मिरजेच्या फलाटावर मी रुळांना मनातल्या मनात नमस्कार केला. याच रुळांवरून आमची दाढी वाचली होती. पुढं दूधसागर आला. डोंगराच्या अंगावरून फेसाळत येऊन ते पाणी थेट रेल्वेच्या पुलाखालून निघून जातं. डब्यातली सगळी मंडळी मोबाइल काढून दाराशी. बायको मात्र खिडकीत बसून गंभीर चेहऱ्यानं बघत होती. शेवटी म्हणाली, "हे सगळं कुठं जातं हो?"

"मांडवीत. मग समुद्रात."

"कुणी अडवत नाही?"

हॉटेल खरंच सुंदर होतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, चहूकडं झाडी, आणि पलीकडं खवळलेला समुद्र. काउंटरवरच्या मुलीनं शहाळ्याचं पाणी दिलं, खोलीची लाकडी चावी-चकती दिली आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, आमचं हॉटेल पूर्णपणे सस्टेनेबल आहे."

"म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे मॅडम, इथं पाणी, वीज, अन्न, काहीच वाया जाऊ देत नाही आम्ही."

बायकोनं माझ्याकडं वळून पाहिलं. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलीची आई जशी शेजारणीकडं बघते, तसं. खोलीकडं जाताना पुटपुटली, "पस्तीस वर्षं मी हेच करतेय. मला कुणी पंचतारांकित म्हटलं नाही."

मी सामान टाकून सरळ न्हाणीघरात शिरलो. टब होता. टबात माती होती. मातीत नेचे होते, दोन-तीन जातींचे, चांगले तरारलेले. काठावर हातानं रंगवलेली पाटी: 'पूर्वी मी एका अंघोळीला दोनशे लिटर पाणी प्यायचो. आता मी बाग आहे.'

मी बराच वेळ त्या बागेसमोर उभा राहिलो असणार, कारण दिवा आपोआप गेला. तिथले दिवे माणूस हलला तरच चालू राहतात. दुःखात माणूस हलत नाही, हे त्या सेन्सरवाल्याला कुणी सांगितलं नसावं. अंधारात मी दोन्ही हात वर करून हलवले. बाहेरून बायको म्हणाली, "नाचताय काय? आवडलं वाटतं."

राहिला शॉवर. ताटाएवढी चकती छतातून खाली आलेली, बघून बरं वाटलं. नळ फिरवला, तर सोसाट्याचा आवाज आला आणि अंगावर धुकं पडलं. अंग भिजत होतं, पण पाणी लागत नव्हतं. यात एक युक्ती असते. पाण्यात हवा मिसळून सोडतात, त्यामुळे धार जाड दिसते आणि खर्च कमी होतो. आमच्याकडचे दूधवाले हवेऐवजी पाणी मिसळतात, तत्त्व तेच. माझ्यातला मास्तर जागा झाला. टेबलावरची लिटरची काचेची बाटली आणली, चकतीच्या एका कडेला धरून जमेल तेवढं गोळा केलं, घड्याळ लावलं, बाकीच्याचा अंदाज धरला. मिनिटाला सहा लिटरच्या आसपास. जुन्या शॉवरला याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातं. हॉटेलची मेहनत प्रामाणिक होती, हे मान्य करायलाच हवं. पण मी काही ती तपासायला लातूरहून आलो नव्हतो.

मग बादली शोधली. एवढ्या मोठ्या खोलीत बादली एकच, बर्फाची. स्टीलची, वीतभर उंच, सोबत चिमटा. ती वॉशबेसिनच्या नळाखाली भरायची, जपून आणायची आणि अंगावर ओतायची. दर खेपेला सव्वा तांब्या. सातव्या खेपेला दार वाजलं.

"अहो, सात झाले."

"तुला कसं कळलं?"

"मोजतेय ना मी."

संध्याकाळी न्हाणीघरातली दुसरी चिठ्ठी बायकोनं मोठ्यानं वाचली. टॉवेल पुन्हा वापरायचा असेल तर खुंटीला लावा, बदलून हवा असेल तर जमिनीवर टाका. खाली लिहिलं होतं की या खोलीत राहून गेलेले बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात. बायको दचकली. "म्हणजे आधी राहून गेलेल्यांचाच टॉवेल आपण वापरायचा?"

पोराला फोन लावला, तर तो हसत सुटला. त्यानं सांगितलं की या चिठ्ठ्यांवर रीतसर प्रयोग झालेत. त्यातला एक अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छापलाय. 'पृथ्वी वाचवा' म्हटलं तर लोक तेवढे ऐकत नाहीत, पण 'याच खोलीतल्या आधीच्या लोकांनी केलं' म्हटलं की जास्त ऐकतात. मला यात नवल वाटलं नाही. शेजाऱ्यानं टाकी बसवली म्हणून आम्ही बसवली, त्यात पृथ्वीचा विचार कुठं होता? पोरानं आणखी एक सांगितलं. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्दच मुळी जे वेस्टरवेल्ड नावाच्या एका अमेरिकन माणसानं १९८६ साली अशाच टॉवेलच्या चिठ्ठीवरून काढला. पृथ्वीचं नाव पुढं करायचं आणि धुलाईचा खर्च आपला वाचवायचा, असा त्याचा आक्षेप. बायकोला हा आक्षेप अजिबात पटला नाही. "खर्च वाचला तर बिघडलं काय? मी काय पृथ्वीसाठी करते?"

मी मात्र बंड करायचं ठरवलं. सकाळी उठून टॉवेल मुद्दाम जमिनीवर टाकला. खऱ्या अर्थानं उधळपट्टी केल्यासारखं वाटलं, छाती जराशी धडधडलीसुद्धा. पाच मिनिटांनी बघतो तर टॉवेल झटकून, घडीच्या रेषेत, खुंटीला. दुपारी फिरून आलो, तर खुंटीवर नवा कोरा टॉवेल. झाडलोट करणाऱ्या पोरानं सवयीनं बदलून टाकला होता. बायको तशीच जिन्यापर्यंत गेली आणि त्याला गाठलं. "बाळा, चिठ्ठी वाचता येते ना? मग खुंटीवरचा का नेलास?" त्या बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच नवा टॉवेल दिला म्हणून बोलणी बसली असतील.

जेवणाचं फार सांगत नाही. कागदी नळी सरबतात विरघळली, आणि दाराशी एका फळ्यावर आदल्या दिवशी ताटांत टाकलेलं अन्न किलोत लिहिलेलं होतं. आम्ही त्यात एका शिताची भर घातली नाही. बायकोनं साधं तुरीचं वरण मागितलं, तेव्हा शेफ येऊन अदबीनं म्हणाला की ते शक्यतो शंभर किलोमीटरच्या आतलंच धान्य-भाजी घेतात. लातूरची डाळ त्याच्या हद्दीबाहेर पडत होती. बायकोनं टेबलावरची ऑलिव्ह तेलाची बाटली उचलली, चष्मा वर करून लेबल वाचलं आणि विचारलं, "आणि इटली किती किलोमीटर हो इथून?" संध्याकाळी वरण आलं.

आता पोहण्याच्या तलावाचं. आमच्या खोलीतल्या पाणी वाचवा पाटीपासून तीस पावलांवर तो होता. मी काठानं पावलं मोजत चाललो. लांबी पंचवीस मीटर, रुंदी दहा, खोली सरासरी सव्वाच्या थोडी आत. ३ लाख लिटर. म्हणजे आमच्या रेल्वेच्या सहा वाघिणी इथं निळ्या फरशीवर पडून होत्या आणि त्यांत एक परदेशी बाई पालथी तरंगत पुस्तकाकडं बघत होती. आता म्हणाल, उतरायचं की त्यात. नायलॉनची चड्डी घालून उतरलोही. पण तिथं साबण लावता येत नाही, क्लोरीननं डोळे चुरचुरतात, आणि शिट्टीवाला मुलगा सतत आपण बुडतोय का बघत असतो. ती काही अंघोळ नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलची फेरी होती. हसऱ्या चेहऱ्याची एक गोव्याची मुलगी पाहुण्यांना मागची बाजू दाखवत होती. खतांचे खड्डे, छपरावरची सोलर पॅनेलं, आणि मग सांडपाण्याचा प्रकल्प. न्हाणीघराचं पाणी तिथं येतं, त्यात हवा सोडतात, जंतू घाण खातात, गाळून ते पाणी बागेला आणि संडासच्या टाकीला जातं. तिनं सांगितलं ते सगळं बरोबर होतं. मी दोन-तीन प्रश्न विचारले, तीही खुलली. एवढ्यात बायको पुढं झाली. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना पहिलं, त्यानंतर फरशीला, फरशीचं संडासात. "तुमचं पाणी दोनदाच वापरलं जातं गं. आमचं चारदा, आणि तेही विजेशिवाय." मुलीनं मोबाइल काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. मागं उभ्या जर्मन जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. मी गर्दीतून जरा मागं सरकलो. सातव्या तांब्याचा विषय निघायची भीती होती.

निघायच्या आदल्या रात्री पावसानं कहर केला. आमच्याकडं वर्षाकाठी जेमतेम साडेसातशे-आठशे मिलिमीटर, इथं तीन हजारांच्या आसपास, आणि त्यातला बराचसा त्याच रात्री आमच्या कौलांवर कोसळतोय असं वाटत होतं. झोप लागेना. गॅलरीचं दार उघडलं, तर तत्काळ एसी बंद पडला. त्याचं असंच होतं. दार उघडं दिसलं की रुसायचा, आणि चोवीसच्या खाली तर कितीही दाबा, उतरायचाच नाही.

बाहेर कोपऱ्यात कौलांची पन्हळ संपते, तिथून पाणी खालच्या दगडी कुंडात पडत होतं. मनगटाएवढी जाड, अखंड धार. तिच्यात हवा मिसळलेली नव्हती.

मी बनियन काढलं, लुंगी खोचली आणि पायऱ्या उतरून धारेखाली जाऊन उभा राहिलो. डोक्यावर दणका बसला, कानात नुसता घोष. पाणी मानेवरून, पाठीवरून, बगलेतून, बोटांच्या बेचक्यांतून वाहत होतं आणि संपत नव्हतं. मी अकरापर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडलं. तोंड वर केलं. ओंजळी भरभरून विनाकारण सांडल्या.

डोळ्यांवर बॅटरीचा झोत आला.

"सायेब, काय करायलाव?" छत्रीखाली वॉचमन उभा होता.

'करायलाव' ऐकून मी झोताकडं वळलो. "कुठले हो तुम्ही?"

"औशाचा हाव जी."

"मी लातूर. प्रकाशनगर."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. छत्रीवर पाऊस वाजत होता. मग त्यानं बॅटरी खाली केली. "भिजा की मग. फक्त साबन लावू नका सायेब, ते पानी टाकीत जातंय," असं म्हणून तो पाठमोरा होऊन समुद्राकडं बघत उभा राहिला.

इतक्यात वर गॅलरीत दिवा लागला.

"अहो! बास की आता! किती पाणी वाया घालवाल?"

वॉचमननं मान न वळवता विचारलं, "वैनी बी लातूरच्याच का?"