बॅटर आळशी नाहीत, आणि बारा वर्षांच्या पोराचा हात नोलन रायनचा नाही

'बेसबॉल का मेला' असा एक लांबलचक मेसेज सध्या इकडे अमेरिकेत पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजचे बॅटर आळशी आणि स्वार्थी आहेत, त्यांना नुसते होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) हवे असतात, म्हणून चेंडू मैदानात येतच नाही. आजचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, नाजूक आहेत, सत्तरच्या दशकातला पिचर नोलन रायन एका मोसमात 300च्या वर इनिंग (एका सामन्यात नऊ असतात) टाकायचा, तेव्हा पोरांचे चेंडू मोजत बसणं बंद करा. शिफ्टवर (क्षेत्ररक्षक एका बाजूला जमवण्यावर) बंदी आणि पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक सेकंद) आणून खेळाची उरलीसुरली वाट लावली. आणि साठच्या दशकातला बेसबॉल हाच काय तो खरा.

न्यू जर्सीतल्या आमच्या दाजींनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आता तरी त्याला मोकळेपणी टाकू दे.' 'तो' म्हणजे माझा भाचा. वय 12, पिचर. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही, पण प्रश्न त्या पोराच्या कोपराचा आहे.

मेसेजमधलं एक मान्य करावंच लागेल. मैदानातली धावपळ कमी झाली आहे. 2005 मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, बॅटिंगला आलेल्या दर शंभर बॅटरांपैकी साधारण 16 स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच तीन स्ट्राइकवर बाद) व्हायचे, 2021 मध्ये हा आकडा 23च्या वर गेला. 2018 हा इतिहासातला पहिला मोसम, ज्यात हिटपेक्षा (चेंडू मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठण्यापेक्षा) स्ट्राइकआउट जास्त झाले. 2019 मध्ये 6,776 होम रन निघाले, तो आजही विक्रम आहे. स्ट्राइकआउट, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) आणि होम रन या तिन्हींत पिचर, कॅचर आणि बॅटर सोडून बाकीच्यांना काही कामच नसतं. सात जण नुसते उभे. खेळ कंटाळवाणा झाला अशी तक्रार असेल तर ती खोटी नाही.

पण कारण? बॅटर आळशी म्हणे! 2008 मध्ये मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ताशी 92 मैलांच्या जरा आत होता. आज तो 94च्या पुढे आहे. 95 मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटरसमोरच्या प्लेटपर्यंत यायला सेकंदाचे चार दशांश लागतात, आणि त्यातच बॅटरला चेंडू ओळखायचा, ठरवायचा आणि बॅट फिरवायची असते. शिवाय पूर्वी आठव्या इनिंगमध्ये तोच दमलेला पिचर चौथ्यांदा समोर यायचा, तोवर बॅटरने त्याचे सगळे चेंडू पाहिलेले असायचे. आता सहाव्या इनिंगपासून दर वेळी नवा, ताजा हात येतो आणि एकच इनिंग जीव खाऊन टाकून निघून जातो. 1968 मध्ये बॉब गिबसनने एकट्याने 28 सामने शेवटपर्यंत टाकले. 2024 मध्ये तीसही संघांच्या सगळ्या पिचरांचे मिळून साधारण तेवढेच झाले.

अशा पिचरांसमोर ओळीने तीन हिट मिळवून एक रन काढायचा, की एका फटक्यात काढायचा? हा हिशोब बॅटरने नाही, वर बसलेल्या व्यवस्थापनाने मांडला. संघ बांधणाऱ्या त्या व्यवस्थापकांच्या पिढीतला थिओ एपस्टीन हा सर्वांत यशस्वी माणूस. 2004 ला बॉस्टन रेड सॉक्स आणि 2016 ला शिकागो कब्ज, दोघांचे विजेतेपदाचे वर्षानुवर्षांचे दुष्काळ त्याने संपवले. 2020 मध्ये कब्ज सोडताना त्यानेच कबूल केलं की आकडेमोडीच्या मागे लागून त्याच्यासारख्या लोकांनी, हेतू नसताना, खेळ बघायला वाईट केला. आणि चेंडू मैदानात ठेवणाऱ्याची बाजारातली किंमत बघायची असेल तर लुईस अरायेझ बघा. 2022, 2023 आणि 2024, सलग तीन वर्षं बॅटिंगचं विजेतेपद (लीगमधली सर्वांत जास्त बॅटिंग सरासरी), 2024च्या अख्ख्या मोसमात फक्त 29 स्ट्राइकआउट. ती तीन विजेतेपदं तीन वेगळ्या संघांकडून आहेत, कारण मधल्या काळात त्याला दोनदा ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. पगार कशाचा मिळतो हे पोरांना दिसतं. त्यात आळस कुठे आला?

आता त्या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. नोलन रायनने 1974 मध्ये 332 इनिंग टाकल्या, तो 27 मोसम खेळला, सगळं खरं. पण रायनसारखे टिकले म्हणून त्यांची नावं मेसेजमध्ये येतात. सँडी कूफॅक्सचं नाव त्यात का नाही? 1965 आणि 1966, दोन्ही मोसमांत त्याने 320च्या वर इनिंग टाकल्या, दोन्ही वर्षी तो सर्वोत्तम पिचर ठरला, आणि 1966 संपताच कोपराच्या संधिवातामुळे निवृत्त झाला. वय वर्षं 30. त्याच्याइतकं नाव होण्याआधीच ज्यांचे हात गेले, ते किती होते हे कुणी मोजलेलंही नाही.

आणि ती मोठी माणसं होती. माझ्या भाच्याच्या कोपराची आतली बाजू, जिथे हाडाचं टोक हाताला लागतं, तिथे दोन सामन्यांनंतर बोट टेकवलं तरी तो हात मागे ओढतो. या वयात तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, वाढीची पट्टी मऊ असते. दर चेंडूला लिगामेंट आणि स्नायू तीच पट्टी ओढतात. याला इथले डॉक्टर लिटिल लीग (इथली पोरांची बेसबॉल लीग) एल्बो म्हणतात, म्हणजे दाजी, हा आजार इतक्या पोरांना होतो की त्याला त्यांच्या लीगचंच नाव पडलंय. चेंडू मोजायचे ते म्हणूनच. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मिळून काढलेले पिच स्मार्टचे नियम सांगतात: 11-12 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू टाकावेत, 66च्या वर गेला तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही, आणि वर्षातले किमान चार महिने चेंडू फेकणं पूर्ण बंद. शनिवारी एका टीमकडून 70 आणि रविवारी दुसऱ्या टीमकडून 60, आणि दोन्ही कोच म्हणणार आम्ही मर्यादेतच होतो, असं इथे सर्रास चालतं. हात मात्र एकच असतो, म्हणून बेरीज घरच्यांनीच ठेवायची.

मेसेजमध्ये एवढं बरोबर आहे की नुसतं मोजून भागत नाही. मोजणं वाढलं तरी मोठ्या पिचरांच्या दुखापती थांबल्या नाहीत, वाढल्याच. पण त्याचं कारण 'नाजूकपणा' नाही. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगने स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, दोनशेहून जास्त जाणकारांशी बोलून. त्याचा निष्कर्ष हा की वेगाचा हव्यास, चेंडूची फिरकी वाढवण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणं यांनी हात मोडतायत, आणि हे लोण शाळकरी पोरांपर्यंत पोचलंय. म्हणजे ज्या गोष्टीमुळे चेंडू मैदानात येत नाही, तिच्यामुळेच कोपर जातंय. मेसेज लिहिणाऱ्याने हा अहवाल वाचला असता तर 'अजून जोरात, अजून जास्त' हा सल्ला त्याने दिलाच नसता.

पिच क्लॉकबद्दल फार लिहीत नाही. 2021 मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी 3 तास 10 मिनिटं चालायचा, 2023 मध्ये 2 तास 40 मिनिटांवर आला. त्याच वर्षी बेस मोठे केले, पिचरने चेंडू न टाकता मध्येच थांबण्यावर मर्यादा आणली, आणि चोरलेले बेस (फटका नसताना धावून गाठलेला पुढचा बेस) 2,486 वरून 3,503 वर गेले. प्रेक्षक 7 कोटींच्या पुढे. याला वाट लावणं म्हणत नाहीत. शिफ्टवरच्या बंदीचा मात्र फारसा उपयोग झाला नाही, हे मान्य. लीगची बॅटिंग सरासरी 2022 मध्ये .243 (म्हणजे हजार संधींत 243 हिट) होती, बंदीनंतर .248 झाली आणि 2024 मध्ये परत .243.

आणि साठचं दशक! 1968 मध्ये अख्ख्या लीगची सरासरी .237 होती. कार्ल यास्त्रेम्स्कीने .301 वर अमेरिकन लीगचं विजेतेपद मिळवलं. लोक तेव्हाही कंटाळले होते. तेव्हा कुणी बॅटरांना आळशी ठरवत बसलं नाही, पुढच्याच मोसमात पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात ती) लहान केला. आजही उपाय त्याच जातीचा हवा. 2022 पासून संघात जास्तीत जास्त 13 पिचर ठेवता येतात. ते 11 करा. मग सहाव्या इनिंगला रोज नवा हात मिळणार नाही, पिचरला ताकद राखून टाकावं लागेल, आणि बॅटला चेंडू लागेल.