‘सल्लागाराचं वर्षासन’ म्हणणाऱ्या वाचकास

सप्रेम नमस्कार. सीआरएम आणि डीएमएस, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आणि कागदपत्रं सांभाळणारी प्रणाली, यांच्यातले वर्कफ्लो, म्हणजे एक काम झालं की पुढचं आपोआप सुरू करणारे नियम, आपल्या धंद्याप्रमाणे कसे बांधून घ्यावेत, यावरच्या माझ्या लेखाला आपण ‘एक रत्नागिरीकर’ या नावाने प्रतिक्रिया दिलीत. वेळ काढून लिहिलंत, आभार.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की लेख लांबलाय आणि मोबाइलवर आकृत्या दिसत नाहीत. दोन प्रणाली जोडणारा तयार कनेक्टर मिळत असताना आंब्याच्या व्यापाऱ्याला खास वर्कफ्लो बांधून देणं म्हणजे ‘सल्लागाराने स्वतःला लावून घेतलेलं वर्षासन’. सीआरएममध्ये कुणाला काय दिसावं हे ठरवलेलं असतं, ते डीएमएसमध्ये उतरतं का, यावर लेखात अवाक्षर नाही. आणि सल्लागार निघून गेल्यावर हे सगळं सांभाळणार कोण?

आकृत्यांचं मान्य. आडव्या आकृत्या उभ्या फोनवर बारीक दिसतात. मोठ्या करून टाकल्या आहेत, पुन्हा बघा.

आता वर्षासन. ‘मला पटलं नाही’ एवढंच लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण समोरचा माणूस गिऱ्हाइकाला फसवून खातो असं सूचित करायचं, तेही टोपणनावाआडून, आणि वर ‘राग नसावा’ असं जोडायचं, ही कुठली पद्धत? राग आहे. लपवत नाही.

मी या कामात संगणकाकडून आलो नाही, आंब्याकडून आलो. घरची थोडी कलमं, आणि शिक्षण झाल्यावर बरीच वर्षं एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं टेबल. २०१४ च्या मेमध्ये युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला तेव्हा मी त्या टेबलावर होतो. बंदी फळमाशीमुळे आली, कागदांमुळे नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. कुणी शिकवायला नको. पण २०१५ च्या सुरुवातीला ती उठली आणि पुन्हा माल पाठवायची वेळ आली, तेव्हा कुठल्या नोंदणीकृत बागेतला आंबा कुठल्या पॅकहाऊसमध्ये (जिथे फळ निवडून पेट्यांत भरतात) गेला, त्यावर कुठली प्रक्रिया झाली, याचा माग विचारला की दाखवता आला पाहिजे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. अपेडाचं, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, मँगोनेट त्याच कामासाठी आहे. बाहेरचं जग माग मागतं आणि आपल्या ऑफिसात तोच कागद तीन जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तीन नावांनी पडलेला असतो. ही परिस्थिती मी पाहिली आहे, तुम्ही पाहिली आहे का?

तयार कनेक्टर काय करतो ते सांगतो. मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्स ३६५ हे सीआरएम आणि शेअरपॉइंट हे डीएमएस घ्या. ही जोडणी तयारच मिळते, चालू करायची की झालं. ग्राहकाच्या नोंदीत कागदपत्रांचा भाग उघडलात की त्याच्या नावाचा फोल्डर शेअरपॉइंटमध्ये तयार होतो. पुढे भागीदारी मोडली, फर्मचं नाव बदललं, सीआरएममध्ये नवं नाव घातलं, तरी फोल्डर जुन्याच नावाने राहतो. एवढं सोडलं तर व्यवस्था चांगली आहे. विम्याच्या एजंटाला, फर्निचरवाल्याला, गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्याला ती पुरते. त्यांना मी तीच घ्या म्हणून सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही. हे वर्षासनाच्या हिशेबात कुठे बसतं?

आंब्याच्या निर्यातीत मात्र ग्राहक धरून फोल्डर करण्यात अर्थ नाही, कन्साइनमेंट, म्हणजे एका खेपेचा माल, धरावी लागते. तोच खरेदीदार मार्चमध्ये माल दुबईला मागवतो आणि एप्रिलमध्ये लंडनला. दोन्हीकडची कागदपत्रं सारखी नसतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) विकिरण लागतं. जपानला बाष्प-उष्णता प्रक्रिया. युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया, नोंदणीकृत बाग, मान्यताप्राप्त पॅकहाऊस. वर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे मालात कीड-रोग नाही याचा सरकारी दाखला, आहेच. हे सगळं एका ग्राहकाच्या एका फोल्डरमध्ये ओतलं, की एप्रिलअखेर त्यात ‘फायटो फायनल’, ‘फायटो फायनल २’ आणि ‘फायटो फायनल नवीन’ अशी भावंडं नांदायला लागतात. गाडी वाशीच्या वाटेला लागलेली असते आणि ऑफिसातली मुलगी खरं कुठलं ते शोधत असते.

मग मी काय बांधतो? डील, म्हणजे सीआरएममधली त्या सौद्याची नोंद, ‘ऑर्डर पक्की’ या टप्प्यावर गेली की वर्कफ्लो देशाचा रकाना वाचतो, त्या देशाची कागदपत्रांची यादी उचलतो आणि डीएमएसमध्ये त्या कन्साइनमेंटचा फोल्डर करतो. फोल्डरच्या नावात डीलचा आयडी, कारण नावं बदलतात, आयडी बदलत नाही. फायटोचा पीडीएफ त्यात पडला आणि त्याला प्रकार आणि तारीख लागली, की उलट निरोप सीआरएमकडे जातो आणि ‘माल रवाना’ हा टप्पा उघडतो. तोवर तो बंद. मालकाने फोनवर कितीही आरडाओरडा केला तरी बंद. फाइलची प्रत सीआरएममध्ये ठेवायची नाही, तिथे फक्त दुवा.

यात एक खोच आहे, ती लेखात लिहिली होती, पण तुम्ही तिथवर वाचलंत असं वाटत नाही. उलट निरोपाने डीलमध्ये बदल होतो. डील बदलली म्हणून पहिला नियम पुन्हा चालतो, तो पुन्हा डीएमएसला निरोप धाडतो, आणि दोन्ही प्रणाली एकमेकींना रात्रभर नमस्कार करत बसतात. सकाळी बघावं तर दिवसभराच्या एपीआय कॉलची, म्हणजे एका प्रणालीने दुसरीला धाडायच्या निरोपांची, मर्यादा संपलेली. म्हणून जोडणीसाठी वेगळा युजर करायचा आणि त्याने केलेल्या बदलांवर नियम चालवायचाच नाही.

डीएमएस ऑफिसातल्याच सर्व्हरवर असेल तर आणखी एक दुखणं. सीआरएमचा वेबहुक, म्हणजे काही बदललं की आपोआप येणारा निरोप, येतो नेमका लाइट गेलेली असताना. समोरून काही वेळ पुन्हा प्रयत्न होतो किंवा होतही नाही, आणि मग तो निरोप गेला तो गेलाच. वळवाच्या दिवसांत देवगडच्या बाजूला हे किती वेळा होतं ते तिथल्या कुणालाही विचारा. त्यासाठी रात्री एकदा दोन्हीकडच्या याद्या ताडून राहिलेलं उचलणारा छोटा प्रोग्राम लागतो. आपल्याकडच्या लाइटचा हिशेब धरलेला कनेक्टर तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा, मी उद्यापासून तो लावतो.

‘इतकी वर्षं कागदावर चाललंच होतं की,’ असंही एक वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत आहे. माझं बिऱ्हाड चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर फाइलींचा लगदा. त्यात आमची बिलं होती आणि दुसऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेले कागदही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायच्या असतात. लगदा जपून ठेवता येत नाही. पंख्याखाली एकेक पान सुटं करत बसलेल्या माणसाला ‘कागदावर चाललंच होतं’ असं सांगायला धीर लागतो. तो तुमच्यात आहे, अभिनंदन.

कुणी म्हणेल की पुराचा आणि वर्कफ्लोचा काय संबंध, त्याला साधा क्लाउड बॅकअप पुरला असता. म्हणोत. ज्याचं कपाट बुडालं त्याला संबंध कळतो.

आणि हो, मी वार्षिक देखभालीचे पैसे घेतो. उघडपणे घेतो, पावती देतो. विहिरीवरचा पंप बसवणाराही पुढच्या वर्षी दुरुस्तीला आला की पैसे घेतो, त्याला कुणी वर्षासनी भटजी म्हणत नाही. सीआरएमवाले आपल्या एपीआयच्या आवृत्त्या बदलतात, जोडणीच्या टोकनची (प्रवेशाच्या किल्लीची) मुदत संपते, देशांचे नियम बदलले की यादी बदलावी लागते. हे कुणीतरी बघायला हवं की नको? फुकट बघणारा तुमच्या ओळखीत असेल तर त्याचाही पत्ता द्या.

राहता राहिले दोन मुद्दे. परवानग्यांचं म्हणाल तर डायनॅमिक्समधले अधिकारही शेअरपॉइंटमध्ये आपोआप उतरत नाहीत, दोन्हीकडे वेगवेगळे लावावे लागतात. ज्या तयार कनेक्टरची तुम्ही भलामण करता त्याचीच ही गत असताना धरायचं मला एकट्याला? आमच्याकडच्या बहुतेक ऑफिसांत चार माणसं असतात आणि चौघांना सगळं ठाऊक असतं. मी गेल्यावर कोण सांभाळणार, या प्रश्नाचं उत्तर लेखातच आहे: प्रत्येक नियम मराठीत लिहून त्याच डीएमएसमध्ये ठेवलेला असतो. वाचणारा हवा, एवढंच.

यापुढे काही म्हणायचं असेल तर नावानिशी लिहा, निनावी प्रतिक्रियेला इथे पुन्हा उत्तर मिळणार नाही. परवानग्यांवर वेगळं लिहा असं आणखी दोघातिघांनी कळवलंय. ते मी पावसाळ्यात लिहीन, सध्या हंगाम चालू आहे आणि फोन वाजतोय.